ट्रॅक्टरची फाटकी सीट आणि चिकटपट्टीची निवड

शेतावर काही वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरची सीट प्रथम कोठे फाटते, हे पाहण्यासारखे असते. चालकाचा सर्वांत अधिक भार मध्यभागी पडतो. पण तेथे ती क्वचितच फाटते. ती फाटते बहुधा पुढच्या काठावर, शिवणीच्या रेषेवर, किंवा चालक ज्या बाजूने चढतो-उतरतो त्या कडेला. आरंभी केसासारखी बारीक भेग दिसते. एका हंगामात तिची बोटभर चीर होते आणि पहिल्या पावसात त्या चिरेतून पाणी आत शिरते. आतील फोम ते स्पंजाप्रमाणे धरून ठेवतो. वरून ऊन पडले तरी रेक्झिनच्या आवरणाखाली तो दिवसेंदिवस ओलाच राहतो. खालचा पत्रा गंजू लागतो, फोम दबून त्याची लवचीकता जाते, आणि अखेरीस ज्या सीटला वीतभर ठिगळाने भागले असते ती सबंध बदलण्याची पाळी येते. अगदी जुन्या ट्रॅक्टरांवर भोके पाडलेल्या पत्र्याची उघडी सीट असे. ती फाटत नसे, एवढा एक गुण तिच्यात होता. तिच्यावर दिवसभर बसणाऱ्याच्या कमरेचे मत मात्र निराळे असे.

चीर दिसताच शेतकरी जवळच्या दुकानातून एखादी जाड, रुंद चिकटपट्टी आणतो. दुकानदारही ‘सर्वांत मजबूत टेप’ म्हणूनच ती देतो, आणि त्यात तो काही लबाडी करतो असे नाही. लावताना पट्टी घट्ट बसते. पंधरा दिवसांनी तिच्या कडा उचललेल्या आढळतात. महिन्याने ती सरकून एका बाजूस जाते आणि तिच्याखालचा काळपट, ओलसर चीक चालकाच्या कपड्यांना लागू लागतो. तीच पट्टी गोठ्यातील लाकडी खांबाला गुंडाळलेली असते, तेथे मात्र ती वर्षभर जागची हलत नाही. म्हणजे दोष केवळ पट्टीच्या मजबुतीचा नव्हे. चिकटपट्टी कोणत्या पृष्ठावर लावावयाची आणि तिच्यावर कोणत्या दिशेने ओढ पडणार, हे ठरविल्यावाचून तिच्या मजबुतीविषयी काहीच सांगता येत नाही.

न वाळणारा चिकट पदार्थ

खळ, डिंक, सरस, लाख हे चिकटविण्याचे पदार्थ भारतात फार पूर्वीपासून वापरात आहेत. या सर्वांची रीत एकच आहे. लावताना ते पातळ असतात आणि मग वाळून किंवा थंड होऊन घट्ट होतात. पातळपणामुळे ते पृष्ठावरील बारीकसारीक खळग्यांत शिरतात. घट्ट झाल्यामुळे तेथून निघत नाहीत. चिकटपट्टीवरील पदार्थ मात्र कधीच वाळत नाही आणि वाळूही नये. त्याने एकाच अवस्थेत राहून दोन्ही कामे करावयाची असतात. बोटाने दाबताच द्रवाप्रमाणे पसरून पृष्ठाला भिडणे हे पहिले, आणि कोणी ओढू लागताच घनाप्रमाणे प्रतिकार करणे हे दुसरे.

स्वयंपाकघरात या दुहेरी गुणाची कल्पना सहज येते. चिक्कीचा पाक कच्चा राहिला तर दाणे धरत नाहीत. फार पुढे गेला तर तो दाण्यांना लागण्यापूर्वीच कडक होतो. या दोहोंच्या मधली एक अवस्था असते, आणि जाणती गृहिणी ती नेमकी ओळखते. चिकटपट्टी बनविणाऱ्यास ती मधली अवस्था कायमची टिकवून धरावी लागते. थ्री-एम या अमेरिकन कंपनीतील शास्त्रज्ञ कार्ल डाल्क्विस्ट यांनी या अवस्थेची मर्यादा अंकांत सांगितली. चिकटद्रव्याचा दृढतांक सुमारे ३ लाख पास्कलहून कमी असेल तरच ते नुसत्या दाबाने पृष्ठाला भिडते. त्याहून ते अधिक ताठ असेल तर कितीही दाबले तरी पकड घेत नाही. रबर बँडचे साधे रबर या मर्यादेहून काही पटींनी ताठ असते, म्हणूनच ते ताणले जाते, पण चिकटत नाही.

रबराला असे मऊ करण्याचा मार्ग बराच जुना आहे. अमेरिकेतील होरेस डे या शल्यचिकित्सकाने १८४५ मध्ये रबर, पाइन वृक्षाची राळ, टर्पेंटाइन इत्यादींचे मिश्रण कापडाच्या पट्ट्यांवर लावून जखमेसाठी चिकट पट्ट्या तयार केल्या. रबराने ताण सोसावा आणि राळेने चिकटपणा द्यावा ही त्यातील विभागणी आजच्या कित्येक पट्ट्यांतही कायम आहे. भारतात यांपैकी नैसर्गिक रबर मुख्यत: केरळात आणि त्याखालोखाल त्रिपुरात होते, तर राळ हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील चिडाच्या झाडांना खाचा पाडून काढतात. सारांश, दक्षिण टोकाच्या आणि उत्तर सीमेच्या वृक्षांचे रस एका अंगठ्याएवढ्या पट्टीवर एकत्र येऊ शकतात.

दुसरा वर्ग ॲक्रिलिक चिकटद्रव्यांचा आहे. ही पूर्णत: कृत्रिम असतात. रबराच्या लांबलचक रेणूंत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात. ऊन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा मारा प्रथम या बंधांवर होतो, आणि त्यामुळे रबरी चिकटद्रव्य आधी लिबलिबित व पुढे ठिसूळ आणि पिवळे पडते. ॲक्रिलिकच्या रेणूंचा कणा अशा बंधांवाचून असल्याने ते उन्हात कित्येक पटींनी अधिक टिकते. त्याची उणीव एवढीच की ते सावकाश पकड घेते. लावल्याबरोबर त्याची पूर्ण पकड येत नाही. बहुतेक पकड एका दिवसात आणि उरलेली साधारणत: तीन दिवसांत येते. घाईच्या ग्राहकाला ते कच्चे वाटते, ते यामुळेच.

बोटाने घेतलेली परीक्षा

दुकानात चिकटपट्टी हातात येताच बहुतेक जण तिला अंगठा लावून पाहतात. अंगठा जोराने धरला गेला की पट्टी उत्तम ठरते. ही परीक्षा फसवी आहे. तिच्यायोगे कळतो तो केवळ क्षणिक चिकटपणा, म्हणजे अल्प दाबाने व अल्प वेळात किती पकड येते, ते. पट्टी वापरात टिकेल की नाही हे आणखी दोन गुणांवर अवलंबून असते.

त्यांतील पहिला गुण सोलले जाण्यास होणारा विरोध. पट्टीचे एक टोक धरून उचलले असता सारा जोर एका बारीक रेषेवर एकवटतो आणि ती रेषा हळूहळू पुढे सरकत जाते. प्रयोगशाळेत २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी पोलादी पाटीवर चिकटवून ठराविक वेगाने मागे ओढतात आणि लागलेला जोर मोजतात. चांगल्या कापडी पट्टीच्या बाबतीत तो साधारणत: १० ते २० न्यूटन, म्हणजे एक ते दोन किलोग्रॅम वजनाइतका, भरतो. दुसरा गुण सरकण्यास होणारा विरोध. पट्टीला पृष्ठाच्या समांतर ओढ लागली तर जोर सर्व क्षेत्रावर वाटला जातो आणि तीच पट्टी कितीतरी अधिक भार पेलते. तथापि हा भार तिने किती वेळ पेलला हे येथे महत्त्वाचे असते. चिकटद्रव्य मुळात अर्धवट द्रव असल्याने सततच्या ओढीखाली ते अगदी मंद गतीने वाहत राहते. उष्णता वाढली की ही गती वाढते.

हे तिन्ही गुण एकाच पट्टीत एकदम वाढविता येत नाहीत. राळ वाढवून चिकटद्रव्य मऊ केले तर अंगठ्याला ते जोराने धरते, पण सरकण्यास कमी विरोध करते. ते घट्ट केले तर सरकत नाही, पण खडबडीत पृष्ठाला नीट भिडत नाही. यास्तव अंगठ्याच्या परीक्षेत जी पट्टी पहिली येते ती उन्हात तापलेल्या सीटवर कित्येकदा शेवटची ठरते. उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची काळी सीट उन्हाळ्यात दुपारी हात ठेवता येणार नाही इतकी तापते. अशा काळ्या आवरणाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, किंबहुना त्याहूनही वर, जाते. त्यानंतर चालक तिच्यावर बसतो आणि नांगरणीच्या प्रत्येक धक्क्यासरशी इंचभर पुढे-मागे घसरतो. सोलणे, सरकणे आणि तापणे या तिन्ही आपत्ती तेथे एकाच वेळी येतात.

रेक्झिनमधील तेल

याखेरीज सीटवर एक चौथी आपत्ती असते, आणि ती बाहेरून येत नाही. ती सीटच्या आवरणातच दडलेली असते.

ज्याला व्यवहारात रेक्झिन म्हणतात ते आजकाल बहुधा कापडावर चढविलेले पीव्हीसी असते. पीव्हीसी हा पदार्थ स्वभावत: कडक असतो, पाण्याचे पांढरे वा करडे नळ ज्याचे बनतात तोच हा. त्याला कातड्यासारखा मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखे द्रव पदार्थ मिसळतात. त्यांना मृदुकारके म्हणता येईल. त्यांचे प्रमाण थोडेथोडके नसते. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, हे तेलच असते. ते पीव्हीसीच्या रेणूंशी रासायनिक रीत्या जोडलेले नसते, नुसते त्यांच्यामध्ये वावरत असते. म्हणून ऊन, उष्णता आणि काळ यांच्या योगे ते हळूहळू पृष्ठावर येते आणि उडून किंवा पुसले जाऊन नाहीसे होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेवर आतून जो धुरकट, तेलकट थर जमतो त्यात याच पदार्थांचा बराच अंश असतो.

सीट शिवणीवर का फाटते याचे उत्तर येथे मिळते. तेल गेले की रेक्झिन पुन्हा आपल्या मूळच्या कडक स्वभावावर जाते. मध्यभागी ते नुसते दाबले जाते. काठावर आणि शिवणीवर मात्र ते प्रत्येक वेळी दुमडले जाते आणि सुईच्या छिद्रांमुळे तेथे ते आधीच दुबळे झालेले असते. कडक झालेला थर दुमडला की त्याला भेग पडते.

चिकटपट्टी का सुटते याचे उत्तरही तेच आहे. सीटमधून बाहेर पडणाऱ्या तेलाला वर लावलेल्या पट्टीचे चिकटद्रव्य हे एक सोयीचे घरच मिळते. रबर आणि राळ यांच्या मिश्रणात ते सहज मुरते आणि त्याला मऊ करीत करीत शेवटी नुसत्या चिकाच्या अवस्थेला नेते. पट्टीखाली आढळणारा काळपट ओलसर चीक तो हाच. म्हणजे ज्या तेलाच्या जाण्याने सीट फाटली, तेच तेल ठिगळालाही जागेवर राहू देत नाही. पट्टी जितकी घट्ट दाबून लावावी तितका या तेलाला मार्ग मोकळा, असा हा प्रकार असल्याने केवळ अधिक चिकट पट्टी आणून हा प्रश्न सुटत नाही.

योग्य पट्टी कोणती, हे आता पुष्कळसे स्पष्ट होईल. तिचे चिकटद्रव्य तेलाला दाद न देणारे, म्हणजे ॲक्रिलिक वर्गातील व पीव्हीसीसाठी मुद्दाम बनविलेले, असावे. तिची पाठ सीटबरोबर ताणली जाणारी व दुमडली जाणारी असावी. ताठ पाठीची पट्टी प्रत्येक धक्क्याला स्वत:च आपल्या कडा उचलते. रेक्झिन दुरुस्तीची ठिगळे किंवा पट्ट्या म्हणून ज्या विकल्या जातात त्यांची पाठ बहुधा मऊ पीव्हीसीचीच असते आणि चांगल्या प्रतीच्या मालात आतले तेल चिकटद्रव्यात उतरू नये अशी व्यवस्था केलेली असते. वेष्टनावर चिकटद्रव्याचा प्रकार, जाडी आणि वापराचे तापमान छापलेले असल्यास ते वाचून घ्यावे. ज्या वेष्टनावर केवळ ‘अतिमजबूत’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असेल त्याने काहीच सांगितलेले नसते.

तरीही शंका राहिल्यास एक सोपी परीक्षा आहे. पट्टीचा दोन बोटे रुंद तुकडा सीटच्या मागील बाजूस, नजरेआड, नीट स्वच्छ करून लावावा आणि ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे आठ-दहा दिवस उन्हात वावरू द्यावा. मग तुकडा सोलून पाहावा. चिकटद्रव्य पट्टीबरोबर सबंध उचलले गेले तर ती पट्टी वापरण्यास हरकत नाही. ते दोहोंकडे विभागून मधासारख्या तारा ओढू लागले तर त्या पट्टीवर अधिक खर्च करू नये.

डक्ट टेपची कथा

बाजारात ‘डक्ट टेप’ नावाने मिळणारी रुपेरी कापडी पट्टी सर्व कामांस चालते असा समज जगभर आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. तिच्या जन्माची हकीकत दुसऱ्या महायुद्धातील आहे. इलिनॉय येथील ग्रीन रिव्हर दारूगोळा कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची एक स्त्री काडतुसांच्या पेट्या बंद करण्याचे व तपासण्याचे काम करीत असे. पेट्यांना कागदी पट्टी लावून त्यावर मेण चढवीत आणि पेटी उघडण्यासाठी पट्टीचे एक टोक मोकळे ठेवीत. ओढताच ते कागदी टोक तुटून हातात येई. रणांगणावर गोळ्या झेलीत पेटी नखांनी उघडू पाहणाऱ्या सैनिकाचे काय होईल, हा विचार तिला स्वस्थ बसू देईना. तिचे दोन पुत्र नौदलात होते. पाणी न शिरणाऱ्या मजबूत कापडाची पट्टी वापरावी अशी सूचना तिने वरिष्ठांना केली. ती पुढे सरकली नाही, तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये तिने आकृती काढून सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. पत्र युद्धोत्पादन मंडळाकडे गेले, कल्पना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे पट्टी बनविण्याचे काम सोपविण्यात आले.

या पट्टीचे तीन थर असतात: वर पाणी अडविणारे पॉलिथिलीन, मध्ये ताण सोसणारे विरळ विणीचे कापड आणि खाली रबरी चिकटद्रव्याचा जाड लेप. हा लेप जाड असल्यामुळेच लाकूड, विटा, ताडपत्री अशा खडबडीत पृष्ठांच्या खळग्यांत तो भरून बसतो. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांमुळे ती ओढून तुटत नाही, पण हाताने आडवी सरळ फाडता येते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरील गाडीचा मोडका चिखलरोधक नकाशांचे कागद आणि हीच पट्टी यांच्या साहाय्याने दुरुस्त केला.

युद्धानंतर घरे उबदार वा गार ठेवण्यासाठी जे हवेचे नळ, म्हणजे ‘डक्ट’, बसवितात त्यांच्या सांध्यांवर ही पट्टी लावू लागले आणि त्यावरून तिचे नाव रूढ झाले. गंमत अशी की १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने अशा नळांचे सांधे आळीपाळीने तापवून व थंड करून तपासले, तेव्हा नेमकी रबरी चिकटद्रव्याची ही कापडी पट्टीच ठळकपणे निकामी ठरली. ज्या कामाचे नाव तिने धारण केले त्याच कामास ती नालायक आढळली. कारण तेथेही शत्रू तोच, म्हणजे सततची उष्णता.

ट्रॅक्टरच्या सीटवर डक्ट टेपचे स्थान यावरून ठरवावे. ऐन पेरणीत चीर पडली आणि पाऊस डोक्यावर आहे, अशा वेळी आठ-पंधरा दिवस पाणी बाहेर ठेवण्यास ती उत्तम आहे. हंगाम संपताच ती काढून टाकावी. उन्हात ती जितकी अधिक दिवस राहील तितका तिचा चीक रेक्झिनवर अधिक पसरेल आणि पुढच्या पक्क्या दुरुस्तीच्या आड येईल.

ठिगळ लावण्याची रीत

उत्तम पट्टीही मळलेल्या सीटवर टिकत नाही. ती मळाला चिकटते आणि मळ निघाला की तिच्यासकट निघतो. यासाठी दुरुस्तीतील निम्म्याहून अधिक श्रम पट्टी हातात घेण्यापूर्वीच खर्च झाले पाहिजेत.

आरंभी आतील फोम वाळवावा. सीट काढता येत असेल तर ती उलटी करून, दाबून पाणी काढून, दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावी. ओला फोम वरून बंद केला तर पाणी कायमचे आत कोंडले जाते. जुनी पट्टी असल्यास तिचा चीक खोबरेल किंवा दुसऱ्या एखाद्या खाद्यतेलाने चोळून सैल करावा व पुसून घ्यावा. त्यानंतर तेलाचा मागमूस न राहील अशा बेताने साबणाच्या पाण्याने सीट धुवावी, कोरडी करावी आणि अखेरीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडके मळेनासे होईपर्यंत हे करावे. डिझेल वा रॉकेलने पुसण्याची सवय अनेकांना असते. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो. थिनर तर रेक्झिनलाच खातो. सीट चमकविण्याचे जे द्रव मिळतात त्यांपैकी पुष्कळांत सिलिकोन असते आणि त्यावर कोणतीच पट्टी नीट बसत नाही. ज्या सीटला ठिगळ लावावयाचे तिला आधी ते लावलेले असल्यास साबणाचा हात दोनदा फिरवावा.

चीर बोटभराहून लांब असेल तर केवळ वरून पट्टी लावणे पुरेसे नाही. चिरेतून एक जाड कापडाचा तुकडा आत सरकवून तो रेक्झिनच्या खालच्या अंगाला, मऊ राहणाऱ्या चिकटद्रव्याने चिकटवावा आणि चिरेचे ओठ त्यावर जुळवून दाबून ठेवावेत. ओढ सोसण्याचे काम त्या आतल्या कापडाचे, आणि पाणी अडविण्याचे काम वरच्या पट्टीचे. शिवणच उसवली असेल तर तेथे सुई-दोऱ्याला पर्याय नाही. रेक्झिनचे काम करणारा कारागीर किंवा मोची ती थोडक्यात शिवून देतो, आणि त्यानंतर शिवणीच्या छिद्रांवर पट्टी लावणे योग्य होय.

पट्टी चिरेच्या सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर बाहेर जाईल एवढी कापावी. तिचे कोपरे गोल करावेत. चौकोनी कोपऱ्यावर सोलण्याचा सारा जोर एका बिंदूवर येतो. गोल कडेवर तो वाटला जातो. लावताना पट्टी ताणू नये. ताणून लावलेली पट्टी आपल्या मूळ लांबीवर येण्याचा प्रयत्न रात्रंदिवस करीत राहते आणि तिची टोके त्या प्रयत्नातच उचलली जातात. मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढावी, आणि मग काचेच्या बाटलीने किंवा चमच्याच्या पाठीने सर्वत्र, विशेषत: कडांवर, जोराने घासावे. नुसत्या हाताच्या दाबापेक्षा याने चिकटद्रव्य खळग्यांत कितीतरी अधिक उतरते. एकाहून अधिक पट्ट्या लावावयाच्या असल्यास कौलांचा क्रम ध्यानात ठेवावा. कौले जशी पाण्याच्या ओघाकडे पाठ करून एकमेकांवर रचतात तशा पट्ट्या चालकाच्या घसरण्याच्या दिशेने एकमेकींवर याव्यात, म्हणजे त्याच्या बसण्या-उठण्याने कडा दाबल्या जातील, उकलल्या जाणार नाहीत. थंडीच्या दिवसांत हे काम भल्या पहाटे करू नये. चिकटद्रव्य त्या वेळी ताठ असते. काम झाल्यावर किमान एक दिवस सीटवर बसू नये, आणि तीन दिवस मिळाले तर अधिक चांगले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही ठिगळाने साधत नाही. दबून सपाट झालेला फोम त्याने पुन्हा फुगत नाही. उभ्या दिशेतील दर सेकंदाला सुमारे ४ ते ८ कंपने मनुष्याच्या शरीराला सर्वांत अधिक बाधतात, आणि शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे पुष्कळदा याच टप्प्यात किंवा त्याच्या जवळपास असतात. फोम बोटाने दाबला असता खालचा पत्रा हाताला लागत असेल तर ठिगळाचा विचार सोडून सीटच बदलावी; तेथे वाचविलेले पैसे कमरेच्या दुखण्यात जातात.

घरातील आणि गोठ्यातील कामे

घरी हाच विचार अन्य पृष्ठांना लावता येतो. प्लास्टिकच्या बादलीला किंवा पाण्याच्या टाकीला पट्टी का धरत नाही, असे अनेकांना कोडे पडते. बादल्या पॉलिथिलीन वा पॉलिप्रोपिलीनच्या असतात, आणि या पदार्थांची पृष्ठऊर्जा फार कमी, म्हणजे मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन, असते. कोणत्याही द्रवाने त्यांच्यावर पसरावे असे त्यांच्या पृष्ठाला जणू वाटतच नाही. अळवाच्या पानावर पाणी जसे थेंबाथेंबाने उभे राहते तसे चिकटद्रव्यही तेथे वरवरच राहते. पीव्हीसी यापेक्षा थोडे बरे, आणि काच व स्वच्छ धातू तर कितीतरी अनुकूल. बादलीला पडलेली चीर पट्टीने सांधण्याचा खटाटोप यासाठी न केलेला बरा.

पत्र्याच्या छपराची गळती थांबविण्यास वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा व खाली ब्युटिल रबराचा जाड थर असलेली पट्टी चांगली. ती नेहमी कोरड्या पत्र्यावर, पावसाळ्यापूर्वी लावावी. रंग देताना कडा झाकण्याची मास्किंग टेप काम होताच काढावी, नाहीतर उन्हाने तिचा कागद फाटतो आणि चीक भिंतीवर राहतो. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप मुळी चिकट नसतेच; तिचे काम आट्यांमधील फट भरणे हे होय. सिलिकोनची एक पट्टी मिळते, तीही कशालाच चिकटत नाही, फक्त ताणून गुंडाळली असता स्वत:च्याच वेढ्यांशी एकजीव होते. गळका नळ दुरुस्त होईपर्यंत आळा घालण्यास ती उपयोगी पडते.

विजेच्या तारेसाठी त्याच कामाची पीव्हीसी इन्सुलेशन टेप वापरावी, तीही वीज बंद करून. रुपेरी धातूच्या पट्टीतून तर वीज सरळ वाहते. गॅसची नळी, ट्रॅक्टरच्या ब्रेकची नळी आणि हायड्रॉलिकची नळी यांना कोणतीही चिकटपट्टी कधीही लावू नये. स्वयंपाकाच्या गॅसची तडकलेली नळी टेपने गुंडाळली तर गळती थांबत नाही, केवळ दिसेनाशी होते. हायड्रॉलिकच्या तेलाचा दाब १५० बार आणि त्याहूनही अधिक असू शकतो. वर उल्लेखिलेल्या चिकटद्रव्याचा दृढतांक त्याच्यापुढे काहीच नव्हे. एवढ्या दाबाने सूक्ष्म छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून टाचणीच्या टोचण्याएवढी दिसणारी ही जखम शस्त्रक्रियेवाचून बरी होत नाही. यास्तव गळती हाताने चाचपून शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी, आणि नळी बदलावी.

राहता राहिले कागद. जमिनीचे जुने दस्तऐवज, वंशावळी, पोथ्या यांची फाटलेली पाने पारदर्शक चिकटपट्टीने जोडण्याची पद्धत घरोघर आहे. काही वर्षांत रबरी चिकटद्रव्य पिवळे पडते, कागदात मुरते, पट्टी गळून पडते आणि अक्षरांवर तेलकट डाग उरतो. तो काढणे तज्ज्ञासही अवघड जाते. जुने कागद जतन करणारे लोक अशा पानांना गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि लांब तंतूंचा तलम कागद लावतात. ती खळ वाळून घट्ट होते, पण पाण्याचा हात लागताच पुन्हा सुटते. पन्नास वर्षांनी ती दुरुस्ती उलगडावयाची झाली तर ओला कापूस पुरतो.